प्रतिकाराची किंमत

'कीड औषधाला सरावली' हे वाक्य कृषी सेवा केंद्राच्या पायरीपासून तज्ज्ञांच्या परिसंवादापर्यंत सर्वत्र ऐकू येते. या वाक्यात अनुभवाचा अंश आहे, परंतु कार्यकारणभावाचा विपर्यासही आहे. सरावतो तो एक जीव. व्यायामाने शरीर सरावते, थंडीला कातडी सरावते. कीड मात्र अशी सरावत नाही. एखादा रोग, परोपजीवी किंवा विष जेव्हा कीटकांच्या एखाद्या समूहावर कोसळते, तेव्हा बहुतेक कीटक मरतात आणि मुळातच काही आनुवंशिक वेगळेपण असलेले मोजके वाचतात. पुढची पिढी या वाचलेल्यांची असते. कोणीही काही शिकलेले नसते. फक्त गणना बदललेली असते. निसर्गनिवडीचे हे गणित चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये मांडले, त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही कीटकांचा विचार करताना ते आपल्या समाजात अजून पुरते रुजलेले नाही, आणि त्याचा भुर्दंड प्रत्यक्ष रुपयांत मोजावा लागत आहे.

या गणिताची दुसरी बाजू त्याहूनही दुर्लक्षित आहे. प्रतिकारशक्ती जर इतकी हितकारक, तर ती प्रत्येक कीटकापाशी अगोदरपासूनच का नसावी? कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत दुबळे केव्हाच नाहीसे व्हायला हवे होते. ते नाहीसे झालेले नाहीत, याचे एक प्रमुख कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तत्काळ उमगेल असे आहे. प्रतिकार फुकट मिळत नाही. त्याची किंमत द्यावी लागते, आणि ती किंमत केव्हा परवडते व केव्हा परवडत नाही यावर प्रतिकारक जीवांचे प्रमाण वाढते किंवा घटते.

फळमाशीचा जमाखर्च

पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारी बारीक चिलटे सर्वांच्या परिचयाची आहेत. ड्रॉसोफिला या नावाने जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत गाजलेली फळमाशी ती हीच. या माशीच्या अळीला एक भयंकर शत्रू आहे. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला एक सूक्ष्म कीटक अळीच्या अंगात आपले अंडे घालतो. त्या अंड्यातून निघालेला जीव यजमान अळीला आतून खाऊन संपवतो आणि माशीच्या कोशातून अखेर माशीऐवजी तिचा शत्रूच बाहेर पडतो.

अळी अगदीच निराधार नसते. माणसाच्या रक्तात असतात तशी प्रतिद्रव्ये कीटकांपाशी नसतात, परंतु त्यांच्या रक्तपेशी परक्या अंड्याभोवती गोळा होतात, थरावर थर चढवून त्याला वेढतात, आणि वर काळ्या रंगद्रव्याचे कवच चढून आतले अंडे मरून जाते. जीवाणू व बुरशी यांच्याविरुद्ध कीटकांचे शरीर निराळी जंतुनाशक द्रव्ये निर्माण करते. स्वीडनचे हान्स बोमन यांनी १९८१ मध्ये एका मोठ्या पतंगाच्या कोशातून अशी द्रव्ये वेगळी केली. हे तंत्र पेशीत कसे चालू होते याचा उलगडा ज्यूल हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये फळमाशीवरच केला, आणि २०११ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. क्षुद्र चिलटाच्या अभ्यासाने मानवी वैद्यकाला दिशा द्यावी, ही विज्ञानाच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

या अळ्यांवर इंग्लंडमध्ये इम्पीरिअल कॉलेजच्या सिलवूड पार्क येथे क्रायेवेल्ड व गॉडफ्रे या दोघा शास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी शत्रूच्या हल्ल्यातून सुमारे ५ टक्के अळ्या वाचत होत्या. दर पिढीत केवळ वाचलेल्यांनाच पुढे प्रजोत्पादन करू दिले. अवघ्या पाच पिढ्यांत वाचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. म्हणजे प्रतिकाराचे भांडवल समूहात पडून होतेच. मागणी येताच ते बाजारात आले.

परंतु प्रयोगाचा खरा निष्कर्ष पुढेच आहे. या प्रतिकारक अळ्यांना सामान्य अळ्यांच्या स्पर्धेत ठेवले तेव्हा अन्न मुबलक असताना दोहोंत फारसा फरक दिसला नाही. अन्नाची टंचाई होताच मात्र प्रतिकारक अळ्या मागे पडल्या आणि अधिक संख्येने मेल्या. पुढील अभ्यासात असे आढळले की त्यांच्या अंगात रक्तपेशींची संख्या जास्त होती आणि खाण्याचा वेग मात्र कमी होता. सैन्यावरचा खर्च वाढवणाऱ्या राष्ट्राला धान्याच्या कोठारात काटकसर करावी लागते, तसाच हा प्रकार आहे. शत्रू दाराशी असेल तर हा खर्च शहाणपणाचा ठरतो. शत्रू नसेल आणि दुष्काळ असेल तर तोच खर्च घातक ठरतो. दुबळे का टिकतात, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथे मिळते. शांततेच्या व टंचाईच्या काळात तथाकथित दुबळेच अधिक सुस्थितीत असतात.

मूक झालेला रातकिडा

ही किंमत नेहमी अन्नातच चुकवावी लागते असे नाही. हवाई बेटांतील एका रातकिड्याने ती आपल्या आवाजात चुकवली. रातकिड्याचा नर पंखावर पंख घासून जो किरकिर आवाज काढतो तो मादीला बोलावण्यासाठी असतो. परंतु हवाईत उत्तर अमेरिकेतून आलेली एक माशी आहे, ती हाच आवाज ऐकून नेमकी त्या नरावर येते आणि त्याच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते. अळ्या आत शिरतात आणि काही दिवसांत रातकिडा मरतो. मादीला दिलेली हाक मृत्यूलाही दिलेली हाक ठरते.

मार्लीन झुक या संशोधिका १९९१ पासून काउआइ बेटावरील या रातकिड्यांचा मागोवा घेत होत्या. वर्षागणिक आवाज कमी होत गेला. २००१ मध्ये तर गाणारा एकच नर कानी पडला. ही जात तेथून नष्ट होत आहे असे वाटावे अशी स्थिती आली. परंतु २००३ मध्ये पाहावे तो रातकिडे विपुल आणि तरीही सर्वत्र शांतता! दहांपैकी नऊहून अधिक नरांच्या पंखांवरील आवाज काढणारी खरबरीत रचनाच लोपली होती. हा बदल आनुवंशिक होता, आणि वीसहून कमी पिढ्यांत तो बेटभर पसरला होता. पुढे ओआहू या शेजारच्या बेटावरही असेच मूक नर आढळले आणि तेथील बदल स्वतंत्रपणे घडल्याचे दिसून आले.

आवाज गमावलेला नर माशीपासून सुरक्षित झाला, परंतु मादीला बोलवायचे कसे? हे मूक नर उरल्यासुरल्या गाणाऱ्या नरांच्या आसपास जमतात आणि त्यांच्या हाकेला येणाऱ्या माद्यांना वाटेतच गाठतात. म्हणजे धोका पत्करणारा एक आणि लाभ घेणारे अनेक. अर्थशास्त्रात ज्याला फुकट्या लाभार्थ्याचा प्रश्न म्हणतात, त्याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. गाणारे सगळेच संपले तर या मूक बहुसंख्येचे कठीण होईल, हेही उघड आहे.

मधमाश्या आणि औषधाची दया

आतापर्यंतच्या दोन्ही उदाहरणांत माणूस केवळ साक्षीदार होता. तो या व्यवहारात उतरला म्हणजे काय होते, हे मधमाश्यांच्या उदाहरणावरून दिसते. व्हरोआ नावाचा एक तांबूस, चपटा परोपजीवी कोळी मधमाश्यांच्या पोळ्यात राहतो आणि त्यांच्या पिलांवर वाढतो. त्याचा मूळ यजमान आशियातील मधमाशी, म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांत आढळणारी आपली सातेरी ज्या जातीची ती. या जातीचे आणि कोळ्याचे फार जुने वैर असल्याने त्यांच्यात एक प्रकारचा तह झालेला आहे. सातेरीच्या कामकरी माश्या कोळ्याला हुडकून अंगावरून काढतात आणि कोळ्याची वीण जवळजवळ केवळ नर पिलांच्या घरांपुरती मर्यादित राहते. पोळे कोसळत नाही.

युरोपीय मधमाशी आशियात आणली गेली आणि विसाव्या शतकात हा कोळी तिच्यावर गेला. तिला या शत्रूची ओळख नव्हती. तिच्या पोळ्यात तो कामकरी पिलांच्या घरांतही वाढला, सोबत विषाणू पसरवू लागला, आणि औषधावाचून वसाहती दोन-तीन वर्षांत नष्ट होऊ लागल्या. मधपाळांनी साहजिकच औषधे वापरली. १९९० नंतरच्या काही वर्षांतच यांपैकी प्रमुख औषधांना न जुमानणारे कोळी इटलीत व अन्यत्र आढळले. म्हणजे औषधाने कोळ्यातील कणखर निवडले गेले आणि माश्यांतील दुबळ्यांना मात्र संरक्षण मिळाले. निवडीचा काटा दोन्ही बाजूंनी माणसाच्या विरुद्ध झुकला.

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये याच्या उलट प्रयोग सुरू झाला. १५० वसाहती कोळ्यासह सोडून दिल्या आणि औषध दिलेच नाही. तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात ७६ टक्के आणि चौथ्या वर्षी ५७ टक्के वसाहती मेल्या. परंतु पाचव्या व सहाव्या वर्षी हे प्रमाण १३ व १९ टक्क्यांवर उतरले. मोजक्या वसाहती उरल्या, पण ज्या उरल्या त्या औषधाविना जगू लागल्या. त्यांच्या पोळ्यांत कोळ्याची वीणच मंदावली होती. येथेही किंमत होतीच. या वसाहती आकाराने लहान राहतात, आणि लहान वसाहतीवर मधाचा धंदा चालवणे कठीण.

यावरून 'औषधे बंद करा, निसर्ग आपले पाहून घेईल' असा सोपा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. ज्या वसाहती मेल्या, त्या कोणाच्या? पोटापुरत्या वीस पेट्या बाळगणाऱ्या मधपाळाला चार पेट्या उरवून 'भावी पिढ्यांच्या माश्या कणखर होतील' असे सांगणे म्हणजे समाजाच्या लाभाचे बिल एकट्याच्या नावे फाडणे होय. प्रतिकाराची किंमत असते एवढे सांगून भागत नाही. ती कोणी चुकवायची, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि तो जीवशास्त्राचा नाही.

बोंडअळी आणि सामाईक ठेव

हाच प्रश्न महाराष्ट्राच्या दाराशी गुलाबी बोंडअळीच्या रूपाने येऊन उभा आहे. बीटी कापसाची चर्चा आपल्याकडे बियाण्याची चर्चा म्हणून होते. वस्तुतः ती कीटकांच्या एका रोगाची चर्चा आहे. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना रेशीमकिड्यांना अकस्मात मारणारा एक जीवाणू सापडला. जर्मनीत थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांना १९११ मध्ये पिठातील पतंगाच्या अळ्यांत तो आढळला आणि त्या प्रांतावरून त्याचे नाव पडले. 'बीटी' ही त्याच नावाची आद्याक्षरे. या जीवाणूतील प्रथिन अळीच्या आतड्यातील विशिष्ट रेणूंना चिकटते, आतड्याला छिद्रे पाडते आणि अळी मरते. ज्या अळीत या रेणूंची घडणच बदललेली असते तिच्यावर विष चालत नाही. असा प्रतिकार १९८५ मध्ये अमेरिकेत साठवणीच्या धान्यातील पतंगात दिसला होता, आणि १९९० मध्ये हवाईतील शेतांत कोबीवरच्या पतंगातही दिसला. म्हणजे बीटी कापूस भारतात येण्याच्या कितीतरी अगोदर धोक्याची सूचना छापून प्रसिद्ध झाली होती.

म्हणूनच २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी देताना एक अट घातली गेली. शेताच्या २० टक्के भागात किंवा कडेच्या पाच ओळींत, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्यात, बिगर-बीटी कापूस लावायचा. त्यासाठी बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट दिले जाई. हेतू असा की या आश्रयपट्ट्यात सामान्य, विषाला बळी पडणारे पतंग भरपूर वाढावेत आणि बीटी कापसातून वाचलेल्या विरळ प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संयोग व्हावा. बोंडअळीतील हा गुण सामान्यतः दोन्ही मातापित्यांकडून आला तरच प्रभावी ठरतो. त्यामुळे मिश्र संतती बीटी कापसावर मरून जाते. शिवाय बिगर-बीटी कापसावर प्रतिकारक अळ्या सामान्य अळ्यांपेक्षा मागे पडतात, असे अमेरिकेतील प्रयोगांत दिसले. फळमाशीच्या प्रयोगातील तत्त्व ते हेच. प्रतिकाराची किंमत वसूल होण्यासाठी स्पर्धा हवी, आणि ती स्पर्धा आश्रयपट्टा पुरवतो. शिवारभर केवळ बीटीच असेल तर प्रतिकारक अळीला स्पर्धकच उरत नाही. तिला किंमत माफ होते.

भारतात नेमके तेच घडले. वेगळे पाकीट बहुतेक ठिकाणी बांधावर पडले किंवा फेकले गेले. यासाठी शेतकऱ्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. पाच एकरांतील एक एकर अळीला आंदण द्यायचा, तेथील नुकसान स्वतः सोसायचे, आणि तेथे वाढलेल्या पतंगांचा लाभ मात्र साऱ्या शिवाराला मिळायचा. शेजाऱ्याने पट्टा लावला नाही तरी त्यालाही तो मिळणार. अशा अटीचे पालन करणारा विरळाच. शहरातील सुशिक्षित नोकरदारही प्राप्तिकराच्या बाबतीत याहून निराळा वागत नाही. त्यातच गुलाबी बोंडअळीचे पोट जवळजवळ कापसावरच अवलंबून असल्याने अन्य पिकांचा नैसर्गिक आश्रय तिच्या बाबतीत उपयोगी नव्हता. दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि पाणी असेल तेथे फरदड घेण्याची प्रथा यांमुळे अळीला जवळपास वर्षभर अन्न मिळत राहिले.

परिणाम ठरलेलाच होता. गुजरातेत पहिल्या बीटी प्रथिनाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २००६ पासून दोन प्रथिनांचे वाण आले होते, परंतु काही वर्षांत त्यांचाही प्रभाव या अळीपुरता ओसरला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, परंतु फवारणी कमी करण्याचे आश्वासन देऊन आलेल्या तंत्राच्या पंधराव्या वर्षी हे घडावे, हा विरोधाभास विसरता येण्याजोगा नाही.

चीनचा धडा

हा शेवट अटळ नव्हता. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात आश्रयपट्ट्याचे नियम बऱ्याच अंशी पाळले गेले, २००६ पासून त्याला वंध्य पतंग सोडण्याची जोड मिळाली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील कापूस क्षेत्र गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याची घोषणा झाली. तेथे मोठी शेते, संघटित उत्पादक आणि भक्कम यंत्रणा होती. आपल्याकडे त्याची नक्कल होणे नाही, असे कोणी म्हणेल. मग चीनचे उदाहरण पाहावे. यांगत्से नदीच्या खोऱ्यातील लहान शेतकऱ्यांत संकरित बियाण्याच्या दुसऱ्या पिढीचे बी रूढ झाले. या बियाण्यात निसर्गनियमानुसार सुमारे एक चतुर्थांश झाडे बिगर-बीटी निघतात. कोणीही पट्टा आखला नाही, निरीक्षक फिरला नाही, तरी आश्रय शेतातच मिसळला गेला आणि बोंडअळीतील वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला. शेतकऱ्यांनी हे बी लोककल्याणासाठी घेतले नव्हते. ते स्वस्त पडत होते, म्हणून घेतले.

धोरण आखणाऱ्यांनी मनन करावे अशी गोष्ट आहे ती हीच. शेजाऱ्याच्या हितासाठी स्वतःचे नुकसान करा, असा हुकूम काढून लक्षावधी लहान शेतकऱ्यांकडून ते होत नाही. व्यक्तीचा लाभ व समाजाचा लाभ एकाच पिशवीत बांधून दिला तर मात्र तेच काम विनाहुकूम होते. बोंडात दडून राहणारी ही अळी झाडावरून झाडावर फारशी हिंडत नाही, त्यामुळे मिश्र बियाण्याची पद्धत तिच्या बाबतीत विशेष योग्य आहे. भारतातही बिगर-बीटी बियाणे पिशवीतच मिसळण्याची पद्धत पुढे स्वीकारण्यात आली. परंतु प्रतिकारक पतंग बहुसंख्य झाल्यावर ती आली, हे दुर्दैव. आता केवळ बियाण्याने काम भागणार नाही. कमी मुदतीचे वाण, वेळेवर शेत रिकामे करणे, फरदडीचा मोह आवरणे आणि पऱ्हाटीचा नायनाट, ही सारी कामे गावाने एकत्र केली तरच उपयोगी आहेत. एकट्याने केली तर शेजारच्या शिवारातून पतंग येणारच. सामाईक संपत्तीचे जतन गावेच आपल्या नियमांनी करू शकतात, हे सोदाहरण दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पाणी, चराई व जंगल यांना लागू पडणारा तो विचार येथे लावण्याची गरज आहे, कारण अळीची विषाला बळी पडण्याची क्षमता हीसुद्धा गावाची सामाईक ठेवच होती. ती कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून ती संपली तेव्हा कोणालाच आपली चोरी झाली असे वाटले नाही.

नवे प्रथिन, नवे औषध, नवे वाण यांची घोषणा यापुढेही होत राहील. प्रत्येक घोषणेच्या वेळी एकच प्रश्न विचारण्याची सवय शिक्षकांनी विद्यार्थ्यांना लावावी आणि नागरिकांनी शासनाला लावावी. हे साधन टिकवण्यासाठी जो खर्च येणार आहे, तो कोणाच्या नावावर टाकला आहे? त्याचे उत्तर पहिल्या हंगामापूर्वी मिळाले नाही, तर ते पंधराव्या हंगामात किडलेल्या बोंडांतून मिळते, आणि तेव्हा खर्चाचा आकडा कितीतरी मोठा झालेला असतो.